एअरलायनरचं अ‍ॅड-ऑन: वायर आधी, दिवा नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही तिघे आहात. एकाला सी प्लस प्लस चांगलं येतं, दुसरा ब्लेंडरमध्ये मॉडेलिंग करतो आणि तिसऱ्याने विमानाच्या मॅन्युअल्सचा फडशा पाडलाय. फ्लाइट सिम्युलेटरसाठी अ‍ॅड-ऑन म्हणून, एअरबसच्या ए३२० च्या वर्गातलं विमान बनवायचंय आणि ते खरं वाटलं पाहिजे. सुरुवात कुठून करायची, वेळ किती लागेल आणि किती खोलात शिरायचं, हे तुम्हाला हवंय.

वेळेचं आधी सांगून टाकतो. फावल्या वेळात काम करणार असाल तर तीन-चार वर्षं धरून चाला. वर्षभरात उडणारं विमान तयार होईल, त्यात शंका नाही. पण उडणारं विमान आणि खरं वाटणारं विमान यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते कापण्यातच उरलेली वर्षं जातात.

खोलीबद्दल माझं मत ठाम आहे. किती बटणं दाबता येतात यावर विमानाचा खरेपणा ठरत नाही. कॉकपिटमध्ये जे दिसतं आणि ऐकू येतं, ते तुमच्या कोडमध्ये कुठल्या तरी कारणातून आलेलं असायला हवं. दिवा लागला तर त्याला वीज कुठल्या बसमधून, म्हणजे वीज वाटणाऱ्या कुठल्या मुख्य वाहिनीतून मिळाली, हे कोडला माहीत पाहिजे. बरेच जण उलट्या बाजूने सुरुवात करतात. आधी दिवा लावतात आणि मग तो कधी विझायचा याच्या अटी जोडत बसतात. अशा अटी शंभरावर गेल्या की कुठली कशासाठी लिहिली होती, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. मग एक दुरुस्त केली की दोन बिघडतात.

एक उदाहरण जवळून बघू. ए३२० मध्ये बसलेल्या प्रवाशांना कधी कधी पायाखालून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज येतो. तो पॉवर ट्रान्सफर युनिटचा, म्हणजे पीटीयूचा. या विमानात हिरवी, पिवळी आणि निळी अशा तीन हायड्रॉलिक सिस्टीम असतात आणि नेहमीचा दाब ३००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) असतो. हिरवीचा पंप एक नंबरच्या इंजिनावर, पिवळीचा दोन नंबरच्या इंजिनावर आणि निळीचा विजेवर चालतो. हिरव्या आणि पिवळ्या सिस्टीमच्या दाबात ५०० पीएसआयपेक्षा जास्त फरक पडला की पीटीयू सुरू होतो आणि जास्त दाबाच्या बाजूची ताकद दुसऱ्या बाजूला देतो. तेल मात्र इकडचं तिकडे जात नाही.

आळशी पद्धत अशी: दुसरं इंजिन सुरू होताना ती आवाजाची फाइल वाजवायची. व्हिडिओत ऐकायला झकास वाटतं. पण खरं विमान काय करतं ते बघा. पार्किंग ब्रेक लावलेला असताना एकाच इंजिनाचा मास्टर स्विच चालू असेल तर पीटीयूला चालू व्हायची मनाई असते. बहुतेक वेळा दोन नंबरचं इंजिन आधी सुरू करतात, त्यामुळे पिवळीचा दाब ३००० वर जातो, हिरवीत दाब नसतोच, तरी आवाज येत नाही. मग एक नंबरचा मास्टर चालू केला की मनाई उठते, दाबातला फरक समोर असतोच, आणि युनिट भुंकायला लागतं. हिरवीचा स्वतःचा पंप दाब धरेपर्यंत ते चालू राहतं. कार्गोचं दार उघडताना-मिटताना पिवळीचा इलेक्ट्रिक पंप चालतो, तेव्हाही पीटीयू गप्प असतो, आणि दाराचं काम संपल्यावर आणखी ४० सेकंद गप्पच राहतो. एका इंजिनावर टॅक्सी करताना मात्र तो चांगलाच ऐकू येतो.

तुमच्या कोडमध्ये तीन दाब, तीन टाक्या, एक फरक आणि मनाईच्या या अटी असतील तर या सगळ्या प्रसंगांत आवाज आपोआप बरोबर येतो. त्याहून मोठा फायदा असा की न ठरवलेले प्रसंगही बरोबर येतात. हिरवीला गळती लागून टाकी रिकामी झाली तर पीटीयू वेड्यासारखा फिरत राहील आणि पिवळी तापायला लागेल. तेव्हा चेकलिस्टमध्ये पीटीयू बंद करायला का सांगितलंय, ते वापरणाऱ्याला विमानच दाखवेल. त्यासाठी तुम्ही वेगळी एक ओळही लिहिलेली नसते.

आता सुरुवात. पहिलं काम कोडचं नाही. नेमकं कुठलं विमान बनवायचं ते ठरवा, आणि ‘ए३२०’ एवढं उत्तर पुरेसं नाही. इंजिन सीएफएम५६ चं असेल तर थ्रस्ट (इंजिनाचा रेटा) एन-वनवर, म्हणजे पंख्याच्या फिरण्याच्या वेगावर लावला जातो, आयएईच्या व्ही२५०० चं असेल तर ईपीआरवर, म्हणजे इंजिनातल्या दाबांच्या गुणोत्तरावर. म्हणजे थ्रस्टचं गणित, डिस्प्लेचं वरचं पान, स्टार्टचा क्रम, सगळंच वेगळं. वीजपुरवठ्यातसुद्धा फरक आहेत. एसी एसेन्शियल बसला एरवी एसी बस १ कडून वीज मिळते. ती बस गेली तर जुन्या विमानांत पायलटला बटण दाबून पुरवठा बस २ वर घ्यावा लागतो, नंतरच्या विमानांत हे आपोआप होतं. दोन वेगवेगळ्या विमानांची मॅन्युअल्स समोर ठेवून काम केलंत तर जगात कुठेही नसलेलं तिसरंच विमान तयार होईल, आणि पुढे ते शोधून दुरुस्त करणं महाकठीण. एकच विमान निवडा, शक्यतो एकाच अनुक्रमांकाचं, आणि वर्षभर त्यालाच चिकटून राहा. दुसरं इंजिन, दुसरे विंगटिप हे नंतर.

मग वीज. कॉकपिटचं मॉडेल अजून करड्या ठोकळ्यांचं असलं तरी चालेल. स्रोत, कॉन्टॅक्टर (वीज जोडणारे-तोडणारे मोठे स्विच) आणि बस यांचं जाळं आधी उभं करा: दोन इंजिन जनरेटर, एपीयूचा (शेपटीतल्या छोट्या सहाय्यक इंजिनाचा) जनरेटर, बाहेरचा पुरवठा, रॅटवर (हवेच्या झोताने फिरणाऱ्या छोट्या टर्बाइनवर) चालणारा आणीबाणीचा जनरेटर, दोन बॅटऱ्या, ११५ व्होल्ट ४०० हर्ट्झच्या एसी बस आणि त्यांच्यावरून ट्रान्सफॉर्मर रेक्टिफायरमार्फत (एसीचं डीसी करणाऱ्या उपकरणामार्फत) २८ व्होल्टच्या डीसी बस. दर टप्प्याला कुठला कॉन्टॅक्टर मिटलाय ते ठरवायचं आणि प्रत्येक बसला वीज कुणाकडून मिळतेय ते काढायचं. विमानातलं प्रत्येक उपकरण आपापल्या बसला एवढंच विचारतं की वीज आहे का. ओहमच्या नियमाने अख्खं जाळं सोडवायचा मोह होईल, तो आवरा. बॅटरीचा करंट आणि जनरेटरवरचा भार इतकं सोडलं तर ते आकडे कॉकपिटमध्ये कुणाला दिसतच नाहीत.

वीज आधी घ्या असं सांगण्यामागे कारण आहे. खरेपणा कळतो तो स्थिर अवस्थेत नाही, एका अवस्थेतून दुसरीत जाताना. एपीयूवरून इंजिनाच्या जनरेटरवर पुरवठा जाताना दोन स्रोत एका बसवर एकत्र येऊ द्यायचे नसतात. आधी एक सुटतो, मग दुसरा जोडला जातो. त्या क्षणभरात केबिनचे दिवे लुकलुकतात, पंख्यांचा सूर बदलतो. डिस्प्ले मात्र एवढा छोटा खंड सोसतात. वीज बराच वेळ गेलेली असेल तर ए३२० चा डिस्प्ले परत चालू होताना सेल्फ टेस्टची पाटी दाखवतो आणि तीवर जास्तीत जास्त ४० सेकंद असं लिहिलेलं असतं. तेव्हा प्रत्येक डिस्प्लेला, प्रत्येक संगणकाला स्वतःची ‘वीज किती वेळ नव्हती’ ही आठवण द्या. काम अर्ध्या दिवसाचं आहे. पण थंड पडलेल्या विमानात शिरून बॅटरी लावणाऱ्या जाणकाराचा तुमच्या विमानावर विश्वास बसतो तो इथेच.

आता फ्लाइट मॉडेल, म्हणजे विमान हवेत कसं वागतं याचं गणित. इथे लोक मॅन्युअल्स नाहीत म्हणून हातपाय गाळतात, पण उघडपणे मिळणारी माहिती भरपूर आहे. एफएए आणि ईएएसए या अमेरिकन आणि युरोपीय विमान-नियामक संस्थांची टाइप सर्टिफिकेट डेटा शीट्स आहेत. त्यांत वजनाच्या आणि वेगाच्या मर्यादा, इंजिनाचे रेटिंग असं सगळं मिळतं. बोइंग आणि एअरबस दोघेही विमानतळांच्या नियोजनासाठी पुस्तिका काढतात. त्यांत मापांची रेखाचित्रं, पेलोड-रेंजचे आलेख आणि धावपट्टीच्या लांबीचे आलेख असतात. मॉडेलिंग करणाऱ्या मित्रालाही याच पुस्तिका लागतील. सगळ्यात दुर्लक्षित खजिना म्हणजे आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेचा इंजिन एमिशन्स डेटाबँक. प्रदूषण मोजण्यासाठी केलेल्या या तक्त्यात बहुतेक प्रत्येक जेट इंजिनाचा इंधनप्रवाह ७, ३०, ८५ आणि १०० टक्के थ्रस्टला दिलेला असतो. समुद्रसपाटीवर, उभ्या इंजिनाचा. तुमच्या इंधनाच्या वक्राला हे चार खुंटे पक्के मिळाले.

वरच्या उंचीवरचं तुम्हालाच बसवावं लागतं. त्यासाठी साधा हिशेब करा. विमान ६५ टनांचं, क्रूझला लिफ्ट (वर उचलणारं बल) आणि ड्रॅगचं (हवेच्या विरोधाचं) गुणोत्तर १७ धरलं तर ड्रॅग येतो सुमारे ३७.५ किलोन्यूटन. या पिढीचं इंजिन क्रूझला दर किलोन्यूटनमागे सेकंदाला साधारण १७ ग्रॅम इंधन खातं. म्हणजे दोन्ही इंजिनं मिळून तासाला २३०० किलोच्या आसपास, आणि प्रत्यक्षातही आकडा याच भागात असतो. आता हेच १७ उतरताना वापरा. थ्रस्ट जवळपास शून्य असेल तर ३५,००० फुटांवरून विमान ३५,००० गुणिले १७ इतके फूट पुढे जाईल, म्हणजे सुमारे ९८ सागरी मैल. पायलट लोक उंचीच्या हजारांना तीनने गुणून अंतर काढतात, त्या हिशेबाने १०५ येतं. वेग कमी करायला लागणारं अंतर धरलं की दोन्ही आकडे जुळतात.

हे मुद्दाम सांगतोय. इंधन जास्त लागतंय असं दिसलं की इंधनाच्या गुणकाला चिमटा काढून आकडा जुळवायचा, हा सर्रास चालणारा प्रकार आहे. चूक ड्रॅगमध्ये असेल तर इंधन जुळेल, पण विमान उतरताना एक तर दगडासारखं पडेल नाहीतर खाली यायलाच तयार होणार नाही. म्हणून क्रूझचा इंधनप्रवाह आणि आयडलवरचा (इंजिन किमान ताकदीवर असतानाचा) उतार या दोन कसोट्या नेहमी जोडीने घ्या. दोन्हीच्या मुळाशी तोच ड्रॅग आहे, आणि एका आकड्याने दोन्ही पास झाल्या तरच तो खरा.

तिसरी कसोटी प्रमाणपत्राच्या नियमांतून मिळते. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन गेल्यावर, चाकं आत घेतल्यावर, टेकऑफच्या दुसऱ्या टप्प्यात किमान २.४ टक्के चढण जमली पाहिजे. त्या उंचीसाठी आणि तापमानासाठी परवानगी असलेल्या कमाल वजनाला तुमचं विमान याच्या खाली गेलं तर काही तरी चुकलंय. दुप्पट आलं तरी चुकलंयच. तसंच गो-अराउंडचा, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढण्याचा नियम: थ्रस्ट लिव्हर आयडलवरून पुढे सारल्यावर ८ सेकंदांत जो थ्रस्ट मिळतो तोच चढणीच्या हिशेबात धरायचा. म्हणजे इंजिनाला आयडलवरून पूर्ण ताकदीवर यायला किती वेळ मिळू शकतो याचा ढोबळ अंदाज तुम्हाला नियमानेच दिला. वक्र मात्र सरळ नको. टर्बोफॅन खालच्या आरपीएमला सुस्त असतो आणि अर्ध्यावर आला की एकदम उसळतो. हा आळस नीट बसला नाही तर शेवटच्या पाचशे फुटांत कुणालाही थ्रस्ट सांभाळताना खरी कसरत करावी लागणार नाही, आणि जाणकार ते पहिल्या लँडिंगला ओळखतो.

फ्लाय-बाय-वायर, म्हणजे पायलटची स्टिक आणि पंखांचे भाग यांच्यामध्ये संगणक, घेतलंत म्हणजे आणखी एक विमान आत बसवायचं. सिम्युलेटरच्या मूळ नियंत्रणाला बाजूला सारून एलिव्हेटर आणि एलेरॉन तुम्हीच हलवायचे. ए३२० च्या नॉर्मल लॉमध्ये, म्हणजे संगणकाच्या नेहमीच्या नियमांत, स्टिक मागे ओढली म्हणजे पायलट एलिव्हेटरचा कोन मागत नाही, ‘जी’ (गुरुत्वाच्या पटीतला भार) मागतो. स्टिक सोडली की विमानाने एक जी धरून आहे त्या वाटेवर राहायचं. बँक, म्हणजे विमानाचं एका बाजूला कलणं, ३३ अंशांपर्यंत आपोआप टिकतो, त्यापुढे स्टिक धरून ठेवावी लागते आणि ६७ अंशांना कुंपण. लँडिंगला ५० फुटांवर विमान आपला पिच (नाकाचा कोन) लक्षात ठेवतं आणि ३० फुटांपासून ८ सेकंदांत नाक हळूहळू खाली, उणे दोन अंशांकडे न्यायला लागतं, म्हणजे पायलटला नेहमीच्या विमानासारखं स्टिक मागे ओढून फ्लेअर करावं, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलावं लागेल. हे सगळं वाचायला सोपं आहे. घोळ वेगळ्याच ठिकाणी होतो.

घोळ होतो फ्रेमरेटमुळे, म्हणजे सेकंदाला किती चित्रं निघतात यामुळे. तुम्ही कंट्रोलर जुळवता ६० फ्रेमवर, जिथे दोन गणितांत १६.७ मिलिसेकंदांचं अंतर असतं. मोठ्या विमानतळावर, ढगाळ हवेत वापरणाऱ्याला २० फ्रेम मिळतात आणि अंतर ५० मिलिसेकंद होतं. तोच कंट्रोलर आता उशिरा उत्तर देतो आणि नेमकं अ‍ॅप्रोचवर विमान डुलायला लागतं. म्हणून नियंत्रणाचं गणित फ्रेमच्या तालावर चालवू नका. ठरलेल्या टप्प्याने चालवा. फ्रेममध्ये जेवढा वेळ गेला तेवढे टप्पे पळवा आणि उरलेला वेळ पुढच्या फ्रेमसाठी जमा ठेवा. सिम्युलेटर तुम्हाला वेग आणि कोन फ्रेमलाच देणार, तो उशीर पुरता जात नाही, पण इंटिग्रेटर (चूक साठवत जाणारा कंट्रोलरचा भाग) तरी शाबूत राहतो. प्रत्येक बदलानंतर मुद्दाम १८-२० फ्रेमवर बांधून एक अ‍ॅप्रोच उडवायचा नियम करा. भारी कॉम्प्युटरवर जुळवलेली विमानं बाहेर पडल्यावर जी रडतात, ती इथेच.

वीज, हायड्रॉलिक, एअर यांना एवढी घाई नसते. त्यांना सेकंदाला पाच-दहा वेळा विचारलं तरी भागतं. फ्लाइट प्लॅनचं गणित तर आणखी आरामात, तुकड्यातुकड्याने करा. एका फ्रेममध्ये अख्खी वाट मोजायला घेतलीत तर पायलटने वेपॉइंट (वाटेवरचा ठिपका) बदलला की चित्र अडखळणार.

फ्लाइट मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे वाट आखणारा विमानातला संगणक, हा यातला सगळ्यात खोल खड्डा. तुमचा निम्मा वेळ इथे जाईल असं समजा. वरून ती साधी दिसते: ठिपके जोडायचे आणि त्यांवरून उडायचं. पण नेव्हिगेशनचा डेटा, जो दर २८ दिवसांनी बदलतो, ठिपक्यांचा नसतो. एआरआयएनसी ४२४ या मानकात लेगचे, म्हणजे वाटेच्या तुकड्यांचे, २३ प्रकार आहेत. ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत सरळ, हा त्यातला फक्त एक. ‘या कोर्सवर ३००० फूट होईपर्यंत चढा, मग अमुक ठिपक्याकडे थेट’ असा लेग घ्या. तो संपतो कुठे? जमिनीवर त्याला जागाच नाही. वजन, वारा, तापमान यांवर ती ठरते. डिस्प्लेवर रेघ तर काढायलाच हवी, म्हणजे चढण्याचा अंदाज बांधा, रेघ काढा, आणि विमान जसं प्रत्यक्षात चढेल तशी ती सरकवत राहा. होल्ड (एका जागी घिरट्या), डीएमईचा (जमिनीवरच्या अंतर-मोजणी केंद्राभोवतीचा) कंस, ठराविक त्रिज्येचं वळण, मॅन्युअल सूचना येईपर्यंतचं हेडिंग, प्रत्येकाची तऱ्हा निराळी. आणि खरी मजा दोन निरनिराळे लेग एकमेकांना लागून आले की.

साधं वळणसुद्धा पाहा. वेपॉइंटच्या आधी किती अंतरावर वळायला सुरुवात करायची? वळणाची त्रिज्या म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाकर्षण गुणिले बँकचा टॅन्जंट. जमिनीवरचा वेग २५० नॉट, बँक २५ अंश असेल तर त्रिज्या येते साधारण १.९५ सागरी मैल, आणि ९० अंशांच्या वळणाला तेवढंच अंतर आधी वळावं लागतं. मागून २० नॉटचा वारा आला की ते २.३ मैलांच्या आसपास जातं. क्रूझला ४६० नॉटवर तेच साडेसहा मैलांच्या पुढे. यात विमानाला बँक धरायला लागणारा वेळ मिळवायचा. सेकंदाला पाच अंशांनी कललं तरी २५ अंशांना पाच सेकंद लागतात, आणि तेवढ्यात विमान तिसरा हिस्सा मैल पुढे गेलेलं असतं. हा वेळ विसरला की विमान प्रत्येक वळणावर थोडं बाहेर जाऊन परत रेघेवर येतं. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खटकतं.

खाली उतरण्याची वाट पुढून मागे मोजायची, धावपट्टीकडून सुरू करून. शेवटचा तीन अंशांचा उतार म्हणजे मैलाला ३१८ फूट. त्याआधी फ्लॅप आणि चाकांसाठी वेग कमी करण्याचा तुकडा, त्याआधी प्रत्येक उंचीच्या मर्यादेतून जाणारा मार्ग, त्याआधी आयडलचा उतार, आणि तो क्रूझच्या उंचीला जिथे भेटेल तिथे उतरायला सुरुवात. पण आयडलचा उतार वजनावर अवलंबून असतो, आणि तिथे पोचेपर्यंतचं वजन तोवर जळणाऱ्या इंधनावर. म्हणून एकदा अंदाज, पुन्हा हिशेब, फरक नगण्य होईपर्यंत. यासाठी उतरण्याचा अंदाज बांधणारा कोड आणि विमान प्रत्यक्ष उडवणारा फ्लाइट मॉडेल यांच्याकडे ड्रॅगचे आणि आयडल थ्रस्टचे एकच आकडे असले पाहिजेत. फ्लाइट मॉडेल नंतर कुणी जरा जुळवला आणि अंदाजाचे तक्ते तसेच राहिले तर विमान प्रत्येक वेळी वाटेच्या वर राहील, आणि तुम्ही महिनाभर ऑटोपायलटमध्ये दोष शोधत बसाल. त्यावर उपाय म्हणजे तक्ते हाताने लिहूच नका. फ्लाइट मॉडेल बदलला की आपोआप उड्डाणं करून तक्ते नव्याने काढणारी एक स्क्रिप्ट ठेवा.

मॉडेलिंगबद्दल थोडक्यात. कॉकपिटला कोडइतकाच वेळ लागतो, हे मित्राला आधीच सांगून ठेवा. संदर्भाचे फोटो लांबून, झूम करून घेतलेले वापरा. मोबाइलच्या रुंद लेन्सने पॅनेल फुगतात आणि मापं फसतात. अक्षरं टेक्स्चरमध्ये रंगवण्यापेक्षा वेगळ्या डेकलवर (वरून चिकटवलेल्या थरावर) ठेवा, म्हणजे जवळ गेल्यावरही ती धारदार दिसतील आणि टेक्स्चरचा आकार आटोक्यात राहील. नॉब फिरताना कुठे अडतो, गार्ड उघडताना किती वेळ घेतो, याकडे लक्ष दिलंत तर हाताला विमान लागल्यासारखं वाटतं. पॅनेलवरची धूळ आणि ओरखडे शेवटी. त्यात रमणारे लोक पुष्कळ पाहिलेत, आणि त्यांच्या विमानाची एपीयू अजून सुरू व्हायची असते. आवाज इंजिनाच्या आरपीएमला बांधा, लिव्हरला नाही. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं तिथे काही नाही, फक्त चांगलं रेकॉर्डिंग मिळवणं जिकिरीचं असतं.

सिम्युलेटर कुठला, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण त्यावर बरंच ठरतं. एक्स-प्लेन विमानाच्या आकारावरून, पंखाचे छोटे तुकडे पाडून बल काढतो. तुम्ही त्याला नेमकी भूमिती द्यायची. सिस्टीम्स नेटिव्ह प्लगइनमध्ये लिहिता येतात आणि हात बरेच मोकळे राहतात. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये कॉन्फिगरेशन फायलींतल्या गुणांकांवर आणि तक्त्यांवर बरंच अवलंबून आहे. कोड वेबअसेम्ब्लीच्या, म्हणजे बंदिस्त जागेत कोड चालवणाऱ्या तंत्राच्या, कुंपणात चालतो आणि डिस्प्ले बरेचदा जावास्क्रिप्टमध्ये लिहिले जातात. ते कुंपण टाळायला काही जण सिस्टीम्स सिमबाहेर वेगळ्या प्रोग्रॅममध्ये चालवतात. फेनिक्स या अ‍ॅड-ऑन बनवणाऱ्या कंपनीचं ए३२० तसंच आहे. त्याने ताकद मिळते, पण एक्सबॉक्सवरचा दरवाजा बंद होतो. वापरणारे जास्त कुठे आहेत ते बघून ठरवा. काहीही निवडलंत तरी सिम्युलेटरशी बोलणारा कोड एकाच थरात कोंडा. तुमच्या हायड्रॉलिकला आपण कुठल्या सिममध्ये आहोत हे कळताच कामा नये. सिमची मोठी अपडेट आली की काही तरी मोडतंच. मग शोधायला एकच जागा असावी, आणि सिमशिवाय, नुसत्या टेस्ट चालवून सिस्टीम तपासता याव्यात.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते बघायचं असेल तर ‘फ्लायबायवायर’ नावाच्या गटाच्या ए३२एनएक्स या अ‍ॅड-ऑनचा कोड वाचा. सगळा उघडा आहे. सिस्टीम्स रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या आहेत, उड्डाणाचे नियम सिम्युलिंक या गणिती साधनाच्या मॉडेलमधून येतात. वीज आणि हायड्रॉलिकची रचना तर अभ्यासासारखी आहे. फक्त परवाना जीपीएल या मुक्त परवान्याची तिसरी आवृत्ती आहे. त्यातला तुकडा उचलून बंदिस्त, विकाऊ अ‍ॅड-ऑनमध्ये घालता येत नाही. शिका, आणि स्वतःचं लिहा. विकायचं असेल तर कंपनीचं नाव, चिन्ह, एअरलाइनचे रंग यांची परवानगी हा वेगळा विषय आहे, तो शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. मॅन्युअलमधली चित्रं आणि मजकूर तुमच्या पुस्तिकेत जसाच्या तसा टाकता येत नाही, हेही आहेच.

टेस्टिंगसाठी खरे पायलट मिळाले तर सोनंच. पण त्यांना ‘कसं वाटतंय?’ असं विचारू नका. त्यांच्या हातात स्प्रिंगची छोटी जॉयस्टिक असते, पाठीला धक्के जाणवत नाहीत, नजरेचा पल्ला स्क्रीनएवढा. तेव्हा ‘जरा जड वाटतंय’ या शेऱ्यावर फ्लाइट मॉडेल हलवलात तर दुसरा पायलट उद्या नेमकं उलटं सांगेल. नेमकं विचारा: चाकं खाली, पूर्ण फ्लॅप, ६० टन, तीन अंशांच्या उतारावर एन-वन किती असतो आणि नाक किती वर दिसतं? हे आकडे त्यांना झोपेतही आठवतात. सिस्टीमसाठी देखभाल करणारे इंजिनिअर पायलटपेक्षा कामाचे. एक रिले अडकला तर काय काय मरतं, हे त्यांनी हाताने पाहिलेलं असतं. आणि टेस्टरने ‘बिघाड’ असं म्हटलं की आधी लॉग मागा. शेवटच्या काही मिनिटांचे स्विच, बस, दाब सगळे नोंदवून ठेवणारा रेकॉर्डर पहिल्या महिन्यातच बांधून घ्या.

पहिल्या आवृत्तीत काय सोडायचं, हे आत्ताच कागदावर लिहून तिघांनी सही करा. सर्किट ब्रेकरचं पॅनेल सोडा. कॉकपिटमधल्या प्रिंटरला हात लावू नका. शेकडो बिघाडांची यादी दाखवायचा हट्ट नको. वीज आणि हायड्रॉलिक नीट बांधलं असेल तर पंधरा-वीस मूळ बिघाडच इतके परिणाम घडवतात की लोकांना यादीची आठवण होत नाही. वेदर रडार सगळ्यात शेवटी. ढगांची जी माहिती सिम देतो तिच्यापलीकडे तुम्ही काहीच दाखवू शकत नाही, आणि ती किती मिळते हे तुमच्या हातात नसतं.